प्रतिकारशक्ती कमी करून मिळेल का?

माझी प्रतिकारशक्ती उत्तम आहे. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती ऐकून घ्यायला छत्रपती संभाजीनगरात कुणी तयार नाही.

सकाळी उठलं की मी शिंकतो. शिंका सुरू माझ्या इच्छेनं होत नाहीत आणि थांबतानाही मला विचारत नाहीत. नाक गळतं, डोळे चुरचुरतात, टाळूला आतून खाज सुटते. टाळू ही अशी जागा आहे की तिथं खाज सुटण्याची व्यवस्था निसर्गानं केली, खाजवण्याची केली नाही. हे सगळं पाहून घरचे, शेजारचे आणि माझ्या नाकाशी काडीचा संबंध नसलेले लोकही एकच निदान करतात, "तुमची इम्युनिटी कमी झालीये." उपायही एकच, "वाढवा."

गोगाबाबा टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत या बाबतीत संपूर्ण एकमत आहे. नळाला पाणी कधी येणार यावर त्यांच्यात दोन तट पडतात; निवडणूक आली की चार पडतात. माझ्या नाकावर मात्र सगळे एक होतात. एक जण गुळवेलीचा काढा सांगतो, दुसरा कारल्याचा रस, तिसरा गव्हांकुर. चौथे गृहस्थ काही न बोलता खिशातून सुंठेची पुडी काढून माझ्या तळहातावर ठेवतात. मी एकदा सांगून पाहिलं की माझ्या अंगात प्रतिकारशक्ती कमी नाही, नको तिथं जास्त आहे. वाढवली तर मी शिंकण्यातच निवृत्त होईन. "असं कुठं असतंय का राव?" असं म्हणून त्यांनी मला आणखी एक पुडी दिली.

असतं. फक्त ते समजून घ्यायला पुडी बांधण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो.

शरीराची ही यंत्रणा नीट समजली की रुग्णाची चिडचिड कमी होते, असं डॉक्टर म्हणतात. माझी वाढली. रक्तात प्रतिपिंडांचे निरनिराळे प्रकार असतात. त्यांपैकी आयजीई नावाचं प्रतिपिंड प्रमाणानं सगळ्यांत कमी आणि उपद्रवानं सगळ्यांत वरचढ. हे खातं मुळात जंतांच्या बंदोबस्तासाठी उघडलं गेलं असावं, असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत आहे. अंगात जंत शिरला तर तो गिळून टाकता येण्याइतका लहान नसतो. म्हणून पाणी सोडा, चिकट स्राव सोडा, खाज सोडा, शिंक काढा, जुलाब लावा आणि त्याला बाहेर घालवा, अशी कामाची पद्धत ठरली. लाखो वर्षं ती बरी चालली. मग माणसानं चपला घातल्या, संडास बांधले, पाणी गाळून घेतलं. २०१५ पासून तर राष्ट्रीय जंतनाशक दिन ठरवून शाळेतल्या मुलांना गोळ्या दिल्या जाऊ लागल्या. जंत कमी झाले. खातं मात्र बंद झालं नाही. पदं मंजूर आहेत, माणसं खुर्चीवर आहेत, तेव्हा फाइल कशावर तरी उघडायलाच हवी. माझ्या बाबतीत ती धुळीवर उघडली गेली.

कामकाज अतिशय शिस्तीचं आहे. पहिल्या भेटीत काहीच होत नाही. परागकण नाकात येतो, त्याची नोंद होते, त्याच्या नावाची आयजीई प्रतिपिंडं तयार होतात आणि नाक, डोळे, श्वासनलिका, कातडी अशा मोक्याच्या जागी असलेल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. माणसाला वाटतं, आपल्याला कशाचंच वावडं नाही. पुढच्या कुठल्या तरी भेटीत तोच परागकण येतो, शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकदम चिकटतो आणि पेशीतले दाणे फुटतात. त्यातून हिस्टामिन बाहेर पडतं. रक्तवाहिन्या पाझरतात, नसा चाळवून खाज सुटते, नाक वाहतं. हे सगळं काही मिनिटांत. इतक्या तातडीनं माझं दुसरं कुठलंही काम कुठंही झालेलं नाही. चारसहा तासांनी दुसऱ्या पाळीच्या पेशी हजर होतात, सूज वाढते आणि रात्री नाक चोंदतं. म्हणजे दिवसा वाहायचं आणि रात्री बंद राहायचं, असं वेळापत्रक ठरलेलं आहे.

या मास्ट पेशी जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८७८ च्या सुमारास पाहिल्या. दाण्यांनी ठासून भरलेल्या त्या पेशी पाहून, त्या खाऊनपिऊन सुखी असाव्यात, असा त्यांचा समज झाला. सुखी आहेत, यात वाद नाही. कुणाच्या जिवावर, एवढाच प्रश्न आहे.

या कारभाराचा गुन्हेगार रक्तातच आहे, हे १९२१ मध्ये ब्रेस्लाव शहरात उघड झालं. क्युस्टनर नावाच्या डॉक्टरांना शिजवलेल्या माशाचं वावडं होतं. त्यांचे सहकारी प्राउस्निट्झ यांना नव्हतं. तेव्हा क्युस्टनर यांच्या रक्तातला द्रव प्राउस्निट्झ यांनी आपल्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला आणि टरारून गांधी उठली. वावडं एकाचं, गांधी दुसऱ्याला. त्या द्रवात नेमकं काय होतं हे कळायला १९६६ साल उजाडावं लागलं. अमेरिकेत काम करणाऱ्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानं आयजीई शोधून काढलं. नवराबायकोनं मिळून दुसऱ्याच्या सर्दीचं कारण शोधल्याचं हे माझ्या माहितीतलं एकमेव उदाहरण आहे. आमच्या घरात कारण शोधलं जातं ते माझ्या वागण्यात. "रात्री दही खाल्लं असणार."

आता स्थानिक परिस्थिती. धुळीची ॲलर्जी म्हटलं की लोक जालना रोडकडे बोट दाखवतात. रस्त्यावरची धूळ नाकाला त्रास देते, हे खरंच. पण खात्याची खरी दुष्मनी घरातल्या धुळीशी असते आणि त्या धुळीतही एका जिवाशी. त्याला माइट म्हणतात. हा आठ पायांचा प्राणी मिलिमीटरच्या एकतृतीयांशाएवढा असतो. तो गादीत, उशीत, गोधडीत राहतो आणि माणसाच्या कातडीचे गळालेले कण खातो. तो चावत नाही, डसत नाही. माझं शरीर ज्या गोष्टीवर चवताळतं ती त्याची विष्ठा आहे. तिच्यातली पचनाची प्रथिनं. साठी जवळ आल्यावर आपला मुख्य शत्रू काय आहे हे कळणं, हा एक वेगळाच अनुभव आहे.

माइटला पाणी पिता येत नाही. हवेतला ओलावा शोषून तो जगतो. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तो खरं तर आपोआप वाळून जायला हवा. ही एक सवलत निसर्गानं आपल्याला दिली होती. आपण कूलर घेतला. ज्या शहरात नळाचं पाणी दिवसादिवसांच्या अंतरानं येतं, त्या शहरात एप्रिल-मेमध्ये आम्ही टँकरचं विकतचं पाणी बादल्यांनी कूलरमध्ये ओततो, वाळ्याचे पडदे भिजवतो आणि बंद खोलीत रात्रभर दमट हवा खेळवतो. जायकवाडी धरणाचं पाणी घरात ज्याला वेळेवर आणि पुरेसं मिळतं असा रहिवासी एकच आहे, आणि तो उशीत राहतो.

यावर उपाय म्हणून चादरी साधारण ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात धुवा, गोधड्या कडक उन्हात टाका, गादीला घट्ट विणीचं आवरण घाला, असं सांगतात. ऊन आमच्याकडे मुबलक आहे. चादरी धुण्यासाठी गरम पाण्याआधी नुसतं पाणी लागतं, तिथं काम अडतं.

पावसाळ्यात दुसरा विषय उघडतो. मोकळा प्लॉट दिसला की तिथं गाजरगवत उगवतं. बीड बायपासला ते आहे, सिडकोत आहे, वाळूजच्या वाटेवर आहे. बावन्न दरवाजांच्या या शहरात ते कुठल्या दरवाजानं आलं हे सांगता येणार नाही, पण देशात त्याची नोंद झाली ती पुण्यात, १९५० च्या दशकाच्या मध्यावर. अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेच्या गव्हातून ते आलं, असं आपण सगळे सांगतो. गवत कुणी उपटायचं यापेक्षा कुणी आणलं हा विषय आपल्याला जास्त आवडतो. १९७० च्या दशकात पुण्यात त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाचे इतके रुग्ण झाले की परदेशी वैद्यकीय नियतकालिकांनी त्यांची दखल घेतली. एका झाडाला हजारो बिया येतात. पानं, फुलं, केसाळ देठ, सगळ्यांत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. वाळलेल्या गवताचे कण वाऱ्यानं उडून पापण्यांवर, मानेच्या घडीत, कोपराच्या खळग्यात बसले की तिथं कातडी लाल होते, जाड होते आणि माणूस रात्रभर खाजवत बसतो.

इथं खातं बदलतं. हे काम आयजीईचं नाही, टी-पेशींचं आहे. जेल आणि कूम्ब्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये अशा अतिरेकी प्रतिक्रियांचे चार प्रकार पाडले. शिंका पहिल्या प्रकारात येतात, गाजरगवताचं पुरळ चौथ्या प्रकारात. पहिला प्रकार मिनिटांत उरकतो. चौथा दोन दिवस घेतो. म्हणजे सोमवारी गवतातून चाललो की खाज बुधवारी, आणि तोवर मंगळवारी लग्नात खाल्लेल्या वांग्यावर घरातल्या सगळ्यांचा संशय पक्का झालेला असतो. आमची आजी टाचांच्या भेगांना बिब्बा लावायची आणि दोन दिवसांनी पाय सुजला की दृष्ट काढायची, तोही चौथाच प्रकार. बिब्बा, काजूच्या टरफलाचं तेल आणि आंब्याचा चीक ही एकाच कुळातली मंडळी आहेत. दृष्टीचा संबंध नव्हता, पण आजीला हे सांगण्याचं धाडस तेव्हा कुणात नव्हतं.

गाजरगवतावर सरकारी उपायही आहे. मेक्सिकोहून एक भुंगेरा आणून १९८४ मध्ये बंगळूरला सोडण्यात आला. तो फक्त हेच गवत आवडीनं खातो. पावसाळ्यात पानं फस्त करतो आणि पावसाळा सरला की जमिनीखाली जाऊन महिनोन्‌महिने सुप्त पडून राहतो. गवत मात्र पाणी मिळेल तिथं बारमाही उगवतं. भुंगेरा परदेशी असला तरी आपल्या कामाच्या पद्धतीशी त्यानं लवकर जुळवून घेतलं, असं म्हणायला हवं.

"आमच्या वेळी नव्हतं बाबा हे असलं काही," हे वाक्य मला मामांकडून, काकांकडून आणि एकदा रिक्षावाल्याकडून ऐकावं लागलं आहे. यात तथ्य आहे, हेच दुःख आहे. डेव्हिड स्ट्रॅकन या ब्रिटिश संशोधकानं १९८९ मध्ये १७ हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली. ज्यांना थोरली भावंडं जास्त त्यांना परागकणांची सर्दी कमी, असं त्यात दिसलं. थोरल्यांनी घरी आणलेल्या संसर्गांमुळे धाकट्याच्या यंत्रणेला लहानपणीच खरं काम मिळतं आणि ती उगाच धुळीच्या मागे लागत नाही, असा त्याचा तर्क होता. त्या तर्कावर पुढं पुष्कळ वाद झाले, सुधारणाही झाल्या. पण मी घरात सगळ्यांत थोरला आहे. शेंबूड आणणं माझ्याकडे होतं. माझ्या शेंबडावर धाकटा भाऊ निरोगी निघाला आणि आज तोच मला गुळवेल पाठवतो.

शेंगदाण्याचंही तसंच. परदेशातल्या अनेक शाळांत शेंगदाण्याला डब्यात बंदी असते, त्यामुळे तिकडच्या मराठी आया साबुदाण्याची खिचडी सुट्टीच्या दिवशीच करतात. तिथं बाळांना शेंगदाणा उशिरा द्या, असा सल्ला बरीच वर्षं दिला गेला. २०१५ मध्ये लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटानं ६४० बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ द्यायला सुरुवात केली, तर पाच वर्षांच्या वयात ही ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसली. तोंडातून लवकर ओळख झाली की यंत्रणा सलोख्यानं राहते. आपल्याकडे भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत कूट घालण्यामागे वैद्यकीय धोरण नव्हतं, पण ते योग्य होतं. मात्र ज्या बाळाला आधीच तीव्र इसब किंवा अंड्याचं वावडं आहे, त्याच्यावर हा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावा. आजीला विचारून नव्हे.

इथवर गोष्ट शिंकांची होती. पण हीच यंत्रणा चुकून आपल्याच माणसांवर उलटते तेव्हा हसू येत नाही. स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी ती मारून टाकते आणि शाळकरी पोराला जन्मभर सुई लागते. थायरॉइडवर उलटली की माणूस थकतो, सुजतो. त्याचं वर्णन जपानी शल्यविशारद हाशिमोटो यांनी १९१२ मध्येच केलं होतं. कातडीच्या रंगावर उलटली की कोड. सांध्यांवर उलटली की सकाळी बोटं वळत नाहीत; आमच्या वहिनीला तोच संधिवात आहे. या आजारांचा भार बहुतेक करून बायकांच्या वाट्याला येतो. वहिनीला डॉक्टर प्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी देतात. शेजारच्या काकू ती वाढवणारे लाडू देतात. वहिनी दोन्ही घेते, कारण काकूंना नाही म्हणणं हे संधिवाताहून अवघड आहे.

हे लाडू-काढे निरुपद्रवी असतात, अशी सर्वांची समजूत आहे. २०२० च्या अखेरच्या महिन्यांत मुंबईत डॉ. आभा नागराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढं यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आले. सगळे कोरोनापासून बचाव म्हणून गुळवेल घेत होते. यकृताला झालेली इजा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं केलेल्या हल्ल्यासारखी दिसत होती. गुळवेलीनं आतली सुप्त भांडणं जागी केली असावीत, असा अंदाज त्यांनी २०२१ मध्ये मांडला. आयुष मंत्रालयानं हा निष्कर्ष दिशाभूल करणारा असल्याचं जाहीर केलं. तज्ज्ञ त्यावर वाद घालत राहतील. पण यंत्रणा आधीच स्वतःवर उलटलेली असेल, तर तिला आणखी डिवचायच्या आधी डॉक्टरांना विचारावं, एवढं समजायला वाद संपायची गरज नाही.

त्याच कोरोनात आणखी एक गोष्ट घडली. घराघरांत प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी काढे उकळत होते. दवाखान्यांत अत्यवस्थ रुग्णांच्या फुप्फुसांवर विषाणूइतकाच घाला त्यांच्याच भडकलेल्या प्रतिकारशक्तीनं घातला होता. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा निकाल आला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशानं कमी करणारं औषध सापडलं. ते होतं डेक्सामेथासोन, प्रतिकारशक्तीला आवर घालणारं एक जुनं, स्वस्त स्टेरॉइड. जिवावर बेतलं तेव्हा शक्ती कमी करून माणसं वाचली. या बातमीनं टेकडीवरचं एकमत जराही ढळलं नाही.

२०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल तर याच आवरासाठी मिळालं. शिमोन साकागुची, मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी रोगप्रतिकार यंत्रणेला वेसण घालणाऱ्या टी-पेशींचं आणि त्यांच्यामागच्या जनुकाचं काम उलगडलं. आवर घालणाऱ्या या पेशी नसत्या तर आपण आपल्याच हातून संपलो असतो. त्या वाढवणारं सरबत मात्र कुठल्याही बागेबाहेर मिळत नाही.

शेवटी मी तपासणी करून घेतली. हातावर थेंब ठेवून सुईनं टोचतात आणि १५-२० मिनिटांनी कुठं गांधी उठली ते मोजतात. त्याआधी काही दिवस ॲलर्जीची गोळी बंद ठेवायची असते, म्हणजे ॲलर्जी आहे हे सिद्ध करण्यासाठी ती आधी मनसोक्त भोगायची. गवतासाठी पाठीवर पट्ट्या लावल्या आणि दोन दिवस पाठ भिजू देऊ नका, असं सांगितलं. या शहरात ते पथ्य जड गेलं नाही.

औषधं आहेत आणि ती चालतात. नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा रोज घेतला तर काम करतो. शिंक आली की आठवणीनं मारला तर विशेष करत नाही. दम्याला इनहेलर आहे. त्याची सवय लागते म्हणून घाबरणारे लोक दम्याची सवय मात्र बिनतक्रार लावून घेतात. आणि एक उपाय १९११ पासूनचा आहे. लंडनच्या लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क थोडा थोडा टोचत न्यायला सुरुवात केली. तीन ते पाच वर्षं चिकाटीनं हा उपचार घेतला की यंत्रणा निवळते. त्या तीन ते पाच वर्षांत टेकडीवर किती पुड्या जमतील याचा हिशेब मी केलेला नाही.

तेव्हा वाचकांना विनंती. शेजारी कुणी शिंकत असेल तर त्याला काढा देऊ नका, रुमाल द्या. वाढीव प्रतिकारशक्ती घरात शिल्लक असेल तर ती प्लॉटवरचं गाजरगवत फुलायच्या आत उपटण्यात खर्च करा, हातमोजे घालून आणि तोंडाला फडकं बांधून. आणि अंगावर गांधी उठून ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास अडकला किंवा चक्कर आली, तर आमसूल चोळत बसू नका. त्यावर पहिलं औषध ॲड्रेनलिनचं इंजेक्शन आहे, ते मांडीत देतात, आणि ते दवाखान्यात मिळतं. रिक्षा बोलवा आणि निघा. सल्ला द्यायला शेजारी नंतरही मोकळे असतील.